बॅटरी हुंगणारी आत्या

माझी आत्या बॅटऱ्या हुंगते, अशी तिची आमच्या जेटीवर ख्याती होती. जेटीच्या टोकाला पत्र्याची एक खोली आहे. तिथे ती तेवीस वर्षं बोटींच्या बॅटऱ्या चार्ज करते आणि नवी घ्यायची असेल तर कुठली घ्यावी तेही सांगते. बॅटरी टेबलावर आली की ती सहाही झाकणं उघडायची, केस मागे सारून वाकायची, एकेका कप्प्यावर नाक न्यायची आणि म्हणायची, "चौथा कप्पा गेला." चौथाच गेलेला असायचा. लोकांचा बॅटरीवरच्या कागदावर विश्वास नव्हता, मीटरवर नव्हता, आत्याच्या नाकावर होता.

या आत्याबद्दल मला मध्यंतरी जे कळलं त्याने मी मुळापासून हादरले आहे. मी काही घाबरट बाई नाही. वडिलांची बोट नऊ वर्षं चालवते आहे. रोज सकाळी साडेसातला पलीकडच्या काठावरच्या हॉस्पिटलातल्या चौदा नर्स आणि आया घेऊन जाते, वाऱ्यातही नेते. पण त्या सकाळी माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात निम्मा दोष माझा निघाला.

आधी इंजिनाबद्दल सांगायला हवं, कारण भांडण तिथून सुरू झालं. आमच्या बोटीच्या मागे लावलेलं इंजिन माझ्याहून वयाने मोठं आहे. नव्या इंजिनात बॅटरीकडे जाणारा करंट मापात ठेवणारा एक डबा असतो. आमच्यात तो नाही. जितकं जोरात पळवाल तितका करंट ते बॅटरीत कोंबतं. आत्या म्हणते, "हे आग्रहाने वाढणाऱ्या सासूसारखं आहे. ताटावर हात आडवा धरला तरी वाढतं." जास्तीच्या करंटने बॅटरीतलं पाणी उडतं. म्हणून अशा इंजिनाला झाकणांची, पाणी भरता येणारी बॅटरीच लागते. दर आठवड्याला झाकणं उघडा, शुद्ध पाणी घाला, की झालं. सीलबंद बॅटरीतलं पाणी उडालं की उडालं, ते परत घालायला वाटच नसते.

दुसरं तिचं म्हणणं असं, की इंजिन सुरू करायला एकच दणका देणारी बॅटरी वेगळी आणि दिवा, पंप, रेडिओ दिवसभर ओढणारी वेगळी. "पळणाऱ्याच्या डोक्यावर ओझं देऊ नका आणि हमालाला शर्यतीत पळवू नका," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की आता ते मला ऐकूच येत नाही. चार्ज करताना करंट बॅटरीवर लिहिलेल्या आकड्याच्या एक दशांशाहून जास्त सोडायचा नाही, चार्ज होताना पेट घेणारा वायू सुटतो म्हणून खोली कधी बंद ठेवायची नाही, आत ठिणगी नाही, चहाचा स्टोव्हसुद्धा बाहेर. खोलीच्या दोन्ही खिडक्यांना तिने दारंच बसवलेली नाहीत. मेन स्विच बाहेरच्या भिंतीवर आहे. जमिनीवर लाकडी फळ्या, फळ्यांवर रबर, कोपऱ्यात ॲसिड सांडलं तर ओतायला सोडा कालवलेल्या पाण्याची बादली, आणि ॲसिडने चाळणी झालेला तिचा एप्रन.

तर झालं असं, की माझ्या नवऱ्याने मला नवी बॅटरी आणून दिली. नवरा विमा कंपनीत कारकून आहे, पण मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून तो बॅटरीतला तज्ज्ञ झाला होता. सीलबंद, चकचकीत, पाणी घालायची कटकट नाही. मी ती मिरवत आत्याकडे नेली.

तिने झाकणांची जागा बोटांनी चाचपली, झाकणं नव्हती. "ही तुझ्या इंजिनाला नाही चालायची," ती म्हणाली. "महिन्यात कोरडी पडेल."

"कंपनीवाले वेडे आहेत का?"

"कंपनीने तुझं इंजिन बघितलंय का? ते तुझ्या बापाचं आहे, मी ओळखते त्याला."

"तुझं सगळं जुनं तेच सोनं. तुझ्या नाकापुढे जगात काही आहे की नाही, आत्या?"

हे मी तेव्हा बोलले. मी बॅटरी उचलली, बोटीत बसवली आणि तिच्याकडे जाणं बंद केलं. त्याआधी मी रोज सकाळी सातला तिच्या खोलीत अर्धा कप चहा घ्यायचे आणि मग बोटीवर जायचे. आता समोरून जायचे, पण मान वळवायची नाही. तीन आठवडे असे गेले. नाकावर माशी बसू न देणारं आमचं घराणं, दोघीही हटेनात.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी माझं इंजिन सुरू होईना. बटण दाबलं की नुसतं टक् व्हायचं. नवऱ्याला तोंड दाखवायची लाज वाटली असावी, कारण त्याने मला न सांगता ती बॅटरी उचलली आणि आत्याच्या दारात ठेवून आला. सकाळी मला म्हणाला, "सातला जाऊन घेऊन ये, सहापासून लावते म्हणाल्या." मी चरफडत गेले.

खोलीपासून वीस पावलांवर असतानाच मला वास आला. नासकी अंडी. मला वाटलं मासळीची कुठली पेटी सडली. दाराशी पोचले तर वासाने डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही खिडक्यांवर प्लास्टिक ठोकलेलं होतं. त्या आठवड्यात वारा बोचरा होता आणि आत्याचे गुडघे धरले होते. आत माझी चकचकीत बॅटरी चार्जरला लागलेली होती, तिच्या दोन्ही बाजू बाहेर आल्या होत्या आणि वरच्या फटीतून बारीक फुसफुस ऐकू येत होती. तिच्यापासून दोन हातांवर आत्या स्टुलावर बसून शांतपणे चहा पीत होती.

या बाईने आम्हाला लहानपणी चार्जिंगच्या खोलीत लोकरीचा स्वेटरसुद्धा काढू दिला नव्हता, ठिणगी पडेल म्हणून. आणि आता ती या वाफेत बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"आलीस का," ती म्हणाली. तीन आठवड्यांचा रुसवा तिने एका शब्दात बाजूला ठेवला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "अगं घाम किती आलाय तुला. थांब, पंखा लावते." आणि तिने टेबलपंख्याच्या बटणाकडे हात नेला.

त्या पंख्याचं बटण जुनं आहे. दाबलं की आत निळी ठिणगी दिसते. म्हणून चार्जिंग चालू असताना तो लावायचा नाही, हा नियमही तिचाच. पण खिडक्या उघड्या असतात, वास नसतो, तेव्हा ती कधीमधी लावायची, हे मला नंतर कळलं. मी झेप घेऊन तिचं मनगट धरलं. कप पडला. तिला अक्षरशः ओढत बाहेर आणलं, मेन स्विच पाडला आणि मग बाहेरच्या बाकावर बसले.

ती आधी चिडली. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"आत्या," मी म्हटलं, "तुला वास येत नव्हता?"

"कसला?"

"अगं, अर्ध्या जेटीवर नासक्या अंड्यांचा वास सुटलाय."

ती पाण्याकडे बघत राहिली. "असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे मला नाही येत. कुठलाच. तो ताप येऊन गेला ना, त्याच्यात गेला तो गेलाच."

"ताप? तो ताप कधीचा?"

"दोन वर्षं होतील."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. दोन वर्षं. या दोन वर्षांत जेटीवरची प्रत्येक बोट तिने हुंगलेली बॅटरी घेऊन पाण्यात गेली होती. माझी बोट, चौदा नर्स. परवा-परवापर्यंत लोक तिच्यासमोर बॅटरी ठेवून श्वास रोखून उभे राहायचे आणि ती वाकायची, डोळे मिटायची, हुंगायची.

"मग ते हुंगणं काय होतं?"

"नाटक," ती म्हणाली. इतक्या साधेपणाने म्हणाली, की मला तिचा राग येण्याआधी भीतीच वाटली. "पहिले पंधरा दिवस मी सांगणार होते. मग तो दाढीवाला बोटवाला आला. त्याच्या बॅटरीत मी पिचकारी घातली." पिचकारी म्हणजे काचेची नळी, तिच्या टोकाला रबरी फुगा. कप्प्यातलं ॲसिड ओढून घ्यायचं, आतला काटा किती वर तरंगतो ते बघायचं, आकडा जितका जास्त तितका कप्पा चांगला. "पाच कप्पे बाराशे पासष्ट दाखवत होते, तिसरा अकराशे पन्नास. मी म्हटलं, तिसरा गेला. तर म्हणतो, ताई, न हुंगताच कसं सांगता? पटेना त्याला. दोनदा दाखवला आकडा, तरी पटेना. मग वाकले, नाक लावल्यासारखं केलं, म्हटलं तिसरा. लगेच पटलं. मग म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि कुणाचं काही झालं असतं तर?"

"झालं का?"

मी आठवायला लागले. आठवेना. दोन वर्षांत तिच्याकडून चार्ज होऊन गेलेली एकही बोट मध्ये बंद पडली नव्हती. त्याआधी वर्षाला दोन-तीन तरी पडायच्या.

"नाक होतं तेव्हा मी आळशी होते," आत्या म्हणाली. "हुंगलं की झालं. नाक गेल्यावर सगळ्या कप्प्यांत तीन-तीनदा पिचकारी घालायला लागले. हात लावून ऊब बघायची, कान लावून बुडबुडे ऐकायचे. कधी नव्हे इतकं चोख काम केलं मी या दोन वर्षांत. पण तुझ्या या डब्याला पिचकारी घालायला भोकच नाही. मीटर लावला, तर व्होल्ट साडेबाराच्या पुढे जाईनात. मला वाटलं, अजून भुकेली आहे, जेवू दे. साडेसहाला हात लावला, कोमटच होती. मग पाय अवघडले म्हणून बसले."

काय झालं होतं ते आता मला कळत होतं. माझ्या जुन्या इंजिनाने ती बॅटरी तीन आठवडे उकळवली होती, पाणी उडालं होतं, एक कप्पा मेला होता. मेलेल्या कप्प्यामुळे व्होल्ट चढत नव्हते आणि बाकीचे पाच कप्पे शिजत होते. तिने मला महिना सांगितला होता, इंजिनाने तीनच आठवडे घेतले.

"एरवी वासाने कळलं असतं," ती म्हणाली. "पहिल्या दहा मिनिटांत."

आता मात्र मला राग आला. "आणि तू एकटी बसतेस तिथे. सहा-सहा बॅटऱ्या लावून, वास न येणारी बाई, एकटी. वासाचं कळायला कुणीतरी नको का?"

"एकटी कुठे? तू यायचीस की रोज."

रोज सकाळी सातला मी दारात पाऊल टाकलं की आत्या एकच प्रश्न विचारायची: "आज हवा कशी आहे गं?" मला वाटायचं वयोमानाची सवय आहे. काहींना रोज विचारायला काहीतरी लागतं, बरी आहेस ना, जेवलीस ना, तसं. मी म्हणायचे, "छान आहे." मग ती चहा द्यायची.

"तू छान आहे म्हणालीस की माझा जीव भांड्यात पडायचा," आत्या म्हणाली. "म्हणून तर बॅटऱ्या मी सहाला लावते. सातपर्यंत काही बिघडलं असलं तर वास सुटतो. तू आत येऊन सांगायचीस. गेले तीन आठवडे तू आली नाहीस, तर मी कमी बॅटऱ्या लावत होते. काल जावईबापू तुझी ठेवून गेले, मग म्हटलं, उद्या येईलच ती घ्यायला."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. पायाखालची जमीन सरकली होती. मी त्या दोन वर्षांतल्या सकाळी आठवत होते. मी दारात यायचे तेव्हा हातात फोन असायचा, नर्सच्या ग्रुपवर कोण येणार, कोण नाही ते बघत असायचे. हिवाळ्यात माझं नाक महिना-महिना चोंदलेलं असायचं. एकदा पंधरा दिवस मला कॉफी आणि रॉकेल यांतला फरक कळत नव्हता. आणि तरी मी "छान आहे" म्हणायचे. तेवीस वर्षांच्या कामाचा, त्या खोलीचा, तिच्या जिवाचा भार तिने माझ्या ज्या दोन शब्दांवर टाकला होता, ते मी एकदाही विचार करून उच्चारले नव्हते.

गप्प बसता आलं असतं. तिने मूठ झाकली, मीही झाकली असती. पण तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे लाल वळ उठले होते, ते दिसत होते.

"आत्या, मी कधी वास घेतलाच नाही," मी म्हटलं. "तुझ्या प्रश्नाचा अर्थच मला माहीत नव्हता. मी आपलं म्हणायचे."

ती हळूच माझ्याकडे वळली. नासक्या वाफेत बसलेली असताना तिचा चेहरा जितका शांत होता, तितकाच तो आता पांढरा पडला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मग ती म्हणाली, "आंधळ्या-बहिऱ्याची गाठ म्हणतात, ती ही." आणि एप्रनला हात पुसत राहिली, हात कोरडे होते तरी.

साडेसात वाजून गेले होते. माझ्या नर्सना दाढीवाले काका त्यांच्या बोटीतून घेऊन गेले. त्यांचंही इंजिन माझ्या इंजिनासारखंच म्हातारं. तासाभराने ते परतले आणि खांद्यावर बॅटरी घेऊन आले. तोवर आम्ही प्लास्टिक फाडून टाकलं होतं, वारा खेळून खोली साफ झाली होती, आणि ती फुगलेली बॅटरी गार झाल्यावर वाळूत नेऊन ठेवली होती.

काकांनी बॅटरी टेबलावर ठेवली, झाकणं उघडली आणि नेहमीसारखे मागे सरकून उभे राहिले. आत्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, वाकणार आता.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षांपासून. तुमची बॅटरी मी पिचकारीने बघते. हुंगते ते खोटं."

काका स्टुलावर बसले. त्यांच्या बोटीत रोज वीस माणसं असतात. ते एकदा आत्याकडे बघत, एकदा माझ्याकडे, आम्ही थट्टा करतोय का ते कळायला. कळलं तेव्हा त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, हे तुम्ही बरं नाही केलं."

"नाही केलं," आत्या म्हणाली.

तिने पिचकारी त्यांच्या हातात दिली. एकेक कप्पा त्यांना स्वतः बघायला लावला, आकडा मोठ्याने वाचायला लावला. सहाही ठीक होते. काकांनी झाकणं लावली, बॅटरी उचलली, दारापर्यंत गेले आणि थांबले. "पण एकदा हुंगून तर बघा," ते म्हणाले. "मला बरं वाटेल."

आत्याने नाही हुंगलं.

त्या आठवड्यात तिच्याकडे नेहमीच्या निम्म्याच बॅटऱ्या आल्या. काहींनी गावातलं दुकान धरलं, काही परत आले, काही अजून आलेले नाहीत. मी झाकणांची जुन्या पद्धतीची बॅटरी घेतली. नवरा पाण्याचा कॅन मुकाट्याने वाहून आणतो.

दुसऱ्या दिवशी सातला मी फोन बोटीतच ठेवला आणि गेले. उंबऱ्यापाशी थांबले. आत्या आत उभी होती, एका हातात पिचकारी. ती प्रश्न विचारेल की नाही हे मला कळेना. विचारायला तिला जरा वेळ लागला.

"आज हवा कशी आहे गं?"

मी श्वास घेतला. रबर, ओलं लाकूड, सोडा, तिच्या अंगाचा साबण. हे सगळं या खोलीत असतं हे मला तिसाव्या वर्षी कळत होतं. मी आत गेले, चारही बॅटऱ्यांपाशी वाकले, परत दाराशी आले, परत श्वास घेतला. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, बॅटरी आणणारे लोक तिच्याकडे बघायचे तशी.

"बॅटऱ्या ठीक आहेत," मी म्हटलं. "दूध करपलंय."

ती बाहेर स्टोव्हपाशी गेली, भांडं वाकडं करून तळ बघितला. चहा रोज करपट लागायचा. मला वाटायचं वय झालं तिचं, कशाला बोला, म्हणून मी मुकाट्याने प्यायचे.

"केव्हापासून करपतंय?" तिने विचारलं.

"दोन वर्षं होतील," मी म्हटलं.

तिने भांडं खाली ठेवलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दूध ओतून दिलं, भांडं घासलं, आणि आम्ही बिनदुधाचा चहा घेतला.